गाडी भरली, बंदूक भरली, खटला भरला : एका शब्दाच्या अनेक अर्थांची कथा

सीमाभागातील एका खेड्यातला विद्यार्थी काही दिवसांपूर्वी भेटायला आला होता. दहावीपर्यंतचे त्याचे शिक्षण गावच्या मराठी शाळेत झाले. आता तो शहरातील महाविद्यालयात इंग्रजी माध्यमातून शिकतो. हातात इंग्रजी-मराठी शब्दकोश होता आणि चेहऱ्यावर वैताग. त्याने कोश उघडून माझ्यासमोर ठेवला. ‘चार्ज’ या एका शब्दापुढे अर्थांची रांगच रांग होती : भार, जबाबदारी, किंमत, आरोप, हल्ला, विद्युतप्रभार, बंदुकीतील दारू, सांभाळायला दिलेले मूल. तो म्हणाला, “सर, यातला नेमका कोणता अर्थ पाठ करायचा? इंग्रजी माध्यमातल्या मुलांना हे आपोआप कळते. आम्ही मराठीत शिकलो, तिथेच आमचे चुकले का?”

त्याच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते : एकही अर्थ पाठ करायचा नाही. दुसरा प्रश्न मात्र मनात घर करून राहिला. सीमेवरच्या कितीतरी पालकांच्या मनात हाच प्रश्न असतो आणि त्याच भीतीपोटी ते मुलाचे नाव मराठी शाळेतून काढतात. म्हणून त्या विद्यार्थ्याला जे सांगितले, तेच थोड्या विस्ताराने येथे मांडतो.

एका गाडीचा प्रवास

‘चार्ज’ हा शब्द आपल्याला परका नाही. साहेबांनी नव्या जागेचा चार्ज घेतला, पोलिसांनी लाठीचार्ज केला, न्यायालयात चार्जशीट गेले, बँकेने चार्जेस कापले, मोबाईल चार्जिंगला लावला, ही पाचही वाक्ये आपण एका दिवसात, एकाच वर्तमानपत्रात वाचतो आणि कोठेही अडखळत नाही. ज्यांनी भाषेच्या आंदोलनात उमेदीची वर्षे घालवली, त्यांनी तर यांतले दोन अर्थ अंगावर झेलले आहेत. परंतु जबाबदारी, लाठी, आरोप, पैसा आणि वीज या पाच गोष्टींना इंग्रजांनी एकच नाव का दिले, हे आपण सहसा विचारत नाही.

याचे उत्तर एका गाडीत आहे. आजच्या फ्रान्सच्या भूमीत प्राचीन काळी गॉल लोक राहत. त्यांच्या भाषेतील गाडीचा शब्द रोमन लोकांनी उचलला आणि लॅटिनमध्ये तो ‘कारुस’ झाला. त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘गाडीत माल भरणे’ या अर्थाचे क्रियापद घडले. तेच फ्रेंचमध्ये ‘शार्जिए’ या वळणाने आले. इ. स. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. त्यानंतर फ्रेंच बोलणारे सरदार, धर्माधिकारी व न्यायाधीश त्या देशाचे धनी झाले आणि त्यांच्या मागोमाग हा शब्दही इंग्रजीत शिरला. तेराव्या शतकाच्या सुमारास त्याचा अर्थ साधा होता : ओझे, आणि ओझे लादणे.

पुढचे सर्व अर्थ या ओझ्यातूनच निघाले. गाडीवर जसा माल लादतात, तसे माणसावर काम लादले जाते, म्हणून ‘चार्ज’ म्हणजे जबाबदारी. माणसावर पैशाचा बोजा टाकला की तो झाला ‘चार्ज’ म्हणजे आकार. माणसावर दोष ठेवला की तो झाला आरोप. बंदूक आली, तेव्हा तिच्यात दारू व गोळी ठासण्यालाही हाच शब्द मिळाला, कारण तेही भरणेच होते. शस्त्र सरसावून शत्रूवर तुटून पडण्यालाही सोळाव्या शतकात हेच नाव पडले. त्या हल्ल्याच्या शब्दाला भारतात आपली लाठी जोडली गेली आणि ‘लाठीचार्ज’ हा अर्धा देशी, अर्धा विलायती शब्द जन्मला. त्याच लॅटिन गाडीच्या पोटातून ‘कार’ आली, ‘कॅरी’ आले, स्पॅनिश वाटेने ‘कार्गो’ आला आणि इटालियन वाटेने ‘कॅरिकेचर’ आले. कॅरिकेचर म्हणजे व्यंगचित्र. चेहऱ्यातील एखाद्या वैशिष्ट्यावर जादा भार टाकून काढलेले चित्र.

विजेचा अर्थ सर्वांत शेवटी आला. अठराव्या शतकाच्या मध्यावर विद्युत साठवणारी काचेची बरणी युरोपात प्रसिद्ध झाली. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन अशाच बरण्यांवर प्रयोग करीत होते. बरणीत वीज भरायची आणि ती एका झटक्यात सोडायची, हे सारे बंदुकीसारखे वाटे; म्हणून बरणी ‘चार्ज’ होऊ लागली. अनेक बरण्या एकत्र जोडल्या, तेव्हा फ्रँकलिननी त्या रांगेला तोफखान्याचे नाव दिले : ‘बॅटरी’. हा ‘बॅटरी’ शब्द मुळात ‘मारणे, बडवणे’ या अर्थाचा. इंग्रजी कायद्यात मारहाणीच्या गुन्ह्याला आजही तोच शब्द आहे. मारहाणीवरून तोफांची रांग, तोफांवरून बरण्यांची रांग, बरण्यांवरून विजेचा घट, असा तो सरकत आला आणि आपल्या खेड्यापाड्यांत पोहोचल्यावर त्याने आणखी एक पाऊल टाकले. आपण रात्री शेतात जाताना हातात घेतो, त्या विजेरीलाच आपण ‘बॅटरी’ म्हणतो. हा अर्थ त्याला मराठी माणसाने दिला.

‘भरणे’ काय सांगते

हे सर्व ऐकून त्या विद्यार्थ्याने विचारले, “म्हणजे इंग्रजी भाषाच अशी गुंतागुंतीची आहे ना?” मी म्हटले, “आता मराठीतला ‘भरणे’ घे.”

गाडी भरली. बंदूक भरली. फी भरली. दंड भरला. खटला भरला. कामचुकाराला दम भरला. क्षणभर थांबून ही वाक्ये ‘चार्ज’च्या अर्थांशेजारी ठेवून पाहावीत. गाडीत माल, बंदुकीत दारू, पैशाचा बोजा, न्यायालयातील आरोप : इंग्रजीने जी वाट चालली, जवळजवळ तीच वाट मराठीने स्वतंत्रपणे चालली आहे. लॅटिनची गाडी आपल्या गावावरून कधी गेली नव्हती, तरीही आपल्या पूर्वजांना ‘खटला भरणे’ सुचले. फरक आहे तो पाहण्याच्या दिशेचा. पैशाच्या बाबतीत इंग्रजी शब्द घेणाऱ्याच्या बाजूने बोलतो : तो ‘चार्ज’ करतो. मराठी शब्द देणाऱ्याच्या बाजूने बोलतो : आपण भरतो. हल्ल्याच्या अर्थाकडे ‘भरणे’ वळले नाही. त्याउलट मराठीत शाळा भरते, बाजार भरतो, ओटी भरली जाते, ऊर भरून येतो, आणि एखाद्याचे ‘दिवस भरले’ असे म्हटले की ते प्रसूतीबद्दल आहे की धमकी आहे, हे प्रसंगावरून कळते. इतक्या वाटांनी इंग्रजी ‘चार्ज’ गेलेला नाही.

आपला ‘आरोप’ हा शब्दही पाहावा. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ ‘वर चढवणे, वर ठेवणे’ असा आहे. वृक्षारोपणातील ‘आरोपण’ आणि शेतातले ‘रोप’ याच कुळातले. म्हणजे ‘चार्जशीट’ला आपण ‘आरोपपत्र’ म्हणतो, तेव्हा माणसावर काहीतरी लादल्याचे तेच चित्र दोन्ही भाषांनी आपापल्या परीने रेखाटलेले असते.

संस्कृत शास्त्रकारांनी या व्यापाराला फार पूर्वी नाव दिले होते. शब्दाचा सरळ अर्थ सांगते ती अभिधा. तो अर्थ जुळत नसेल, तर त्याच्याशी संबंध असलेला दुसरा अर्थ पुढे करते ती लक्षणा. गंगेवर गौळवाडी आहे असे म्हटले, तर ती पाण्यावर नसून तीरावर आहे, हे श्रोता आपोआप जाणतो. हाच लाक्षणिक अर्थ वापरून वापरून पक्का झाला की ती रूढ लक्षणा. ‘कुशल’ म्हणजे मुळात हात न कापता कुशगवत खुडून आणणारा, अशी व्युत्पत्ती अकराव्या शतकातील मम्मटाने याच संदर्भात घेतली आहे. आज कुशल कारागीर म्हणताना कोणाला गवत आठवत नाही. अमरकोशातही अनेक अर्थांच्या शब्दांसाठी ‘नानार्थवर्ग’ असा वेगळा विभागच केलेला आहे. युरोपात फ्रेंच पंडित मिशेल ब्रेआल यांनी १८९७ च्या आपल्या ग्रंथात या घटनेला ‘पॉलिसेमी’ म्हटले, आणि तेव्हापासून आधुनिक भाषाशास्त्रात ती संज्ञा रुळली. आपण तिला अनेकार्थता म्हणतो.

फळीवरचे जेवण आणि पानावरचे जेवण

आणखी एक शब्द घेऊ. इंग्रजीतील ‘बोर्ड’ हा जुना, अस्सल जर्मानिक कुळातला शब्द. मूळ अर्थ लाकडाची फळी. फळ्या जोडून मेज होई, म्हणून बोर्ड म्हणजे मेज. मेजावर जेवण वाढले जाई, म्हणून बोर्ड म्हणजे जेवण. पैसे देऊन राहण्या-जेवण्याची सोय जेथे होते, ते ‘बोर्डिंग’. मेजाभोवती बसून विचार करणारी मंडळी, म्हणून बोर्ड म्हणजे मंडळ. जहाजाची बाजूही फळ्यांचीच, म्हणून जहाजावर चढणे म्हणजे ‘ऑन बोर्ड’ जाणे. जहाजे मागे पडली, तरी आज विमानात बसण्यालाही ‘बोर्डिंग’च म्हणतात.

या फळीचा प्रवास आपल्या प्रांताच्या इतिहासातही दिसतो. १७८४ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीवर देखरेख ठेवण्यासाठी लंडनमध्ये ‘बोर्ड ऑफ कंट्रोल’ बसले. १८४० मध्ये मुंबई इलाख्याच्या शिक्षणासाठी ‘बोर्ड ऑफ एज्युकेशन’ स्थापन झाले. पुढे लोकल बोर्डे आली, आणि कितीतरी खेड्यांतील आपल्या आजोबांच्या तोंडी शाळेचे नावच ‘बोर्डाची शाळा’ असे होते. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले. त्यानंतर तेथे एकामागून एक जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहिली, आणि गरीब मुलाच्या दृष्टीने ‘बोर्डिंग’ या शब्दाचा अर्थ ‘शिकता येईल अशी जागा’ असा झाला. दहावीची ‘बोर्डाची परीक्षा’ आणि दुकानावरचा ‘बोर्ड’ आपण रोज उच्चारतो. सीमाभागात तर त्या दुकानावरच्या फळीवर कोणती लिपी असावी, यावरून किती मने दुखावली आहेत, हे वाचकांना सांगायला नको.

याला मराठी जोड शोधायला दूर जावे लागत नाही. झाडाचे ते पान. पूर्वी पानावर लिहीत, म्हणून पोथीचे पान, वहीचे पान. पानावर जेवत, म्हणून जेवणाचे पान. “किती पाने वाढू?” असे विचारणारी गृहिणी स्टीलच्या ताटांबद्दल बोलत असते, पण शब्द मात्र केळीच्या पानाचाच राहिला आहे. सुपारी-चुन्यासह खातो तेही पान, आणि पत्त्यांच्या डावात टाकतो तेही पान. इंग्रजांनी फळीवर जेवून ‘बोर्ड’ म्हटले, आपण पानावर जेवून ‘पान’ म्हटले. वस्तू गेली, तिच्यावरून पडलेले नाव राहिले.

दोन नद्या, एक पात्र

येथे एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. एका शब्दाचे अनेक अर्थ दिसले की ते नेहमी एकाच मुळातून फुटलेले असतात, असे नाही. कधी दोन निराळे शब्द झिजत झिजत सारखे होतात. इंग्रजीतील ‘लाईट’ म्हणजे प्रकाश आणि ‘लाईट’ म्हणजे हलका, हे मूळचे दोन स्वतंत्र शब्द. ‘केस’चे उदाहरण तर फारच बोलके आहे. लॅटिनमध्ये ‘कासुस’ म्हणजे पडणे, घडणे. त्यावरून घटना, प्रकरण, न्यायालयातील खटला, डॉक्टरकडचा रुग्ण आणि व्याकरणातील विभक्ती हे अर्थ आले. लॅटिनमध्येच ‘काप्सा’ म्हणजे पेटी. त्यावरून चष्म्याची केस आली. छापखान्यातील जुळारी ज्या कप्प्यांच्या खोक्यात खिळे ठेवीत, तेही केसच. मोठी अक्षरे वरच्या खोक्यात, लहान खालच्या. म्हणून आजही संगणकावर इंग्रजी अक्षरांना ‘अपर केस’ व ‘लोअर केस’ म्हणतात. खटला आणि पेटी या दोन नद्या इंग्रजीत एका पात्रात मिसळल्या.

मराठीत आल्यावर त्या पात्राला तिसरी नदी मिळाली : आपल्या डोक्यावरचे केस. सीमाप्रश्नाचा दावा २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केला. तेव्हा तरुण असलेला कार्यकर्ता आज ‘केसचा निकाल लागेपर्यंत केस पांढरे झाले’ असे म्हणतो, तेव्हा या शब्दसाम्यावर आपण हसतो, पण ते हसू फार काळ टिकत नाही.

‘बँक’ या शब्दाची तर आणखी निराळी गंमत. नदीचा काठ म्हणजे ‘बँक’ आणि पैशांची पेढी म्हणजेही ‘बँक’. कोशकार हे दोन वेगळे शब्द मानतात, कारण काठाचा शब्द स्कँडिनेव्हियन भाषेतून आला आणि पेढीचा इटलीतून. इटलीत सराफ ज्या बाकावर पैसे मांडून बसे, तो ‘बांका’. परंतु खूप मागे गेले, तर दोहोंचा पूर्वज एकच जर्मानिक शब्द निघतो. एकाच घरातले दोन भाऊ लहानपणी ताटातूट होऊन वेगवेगळ्या देशांत वाढावेत आणि म्हातारपणी एकाच गावात शेजारी म्हणून राहावेत, तसे हे झाले. सीमारेषेने दुभंगलेल्या कुटुंबांना ही उपमा समजावून सांगण्याची गरज नाही.

इंग्रजी धावते, मराठी चालते

इंग्रजीच्या या सर्व अर्थांची नोंद ज्याने घेतली, त्या महाकोशाची कथाही आपल्याला जवळची वाटावी अशी आहे. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाचे संपादक जेम्स मरे यांचा जन्म १८३७ चा. ते स्कॉटलंड व इंग्लंड यांच्या सीमाप्रदेशातले, हॉइक गावाजवळच्या डेनहोम खेड्यातले. चौदाव्या वर्षी त्यांची शाळा सुटली. पुढे त्यांनी आपल्याच सीमाभागातील दक्षिण स्कॉटलंडच्या बोलीवर १८७३ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. १८७९ मध्ये कोशाचे काम त्यांच्याकडे आले. सामान्य वाचकांनी पुस्तके वाचून शब्दांची वाक्ये चिठ्ठ्यांवर उतरवली व टपालाने पाठवली. त्या चिठ्ठ्यांच्या राशी लोखंडी पत्र्याच्या खोलीत लावून मरे यांनी अर्थांची वंशावळ मांडली. पहिला भाग १८८४ मध्ये निघाला, मरे १९१५ मध्ये गेले आणि कोश १९२८ मध्ये पुरा झाला. ज्या माणसाची मायबोली दरबारी इंग्रजीने गावंढळ ठरवली होती, त्यानेच इंग्रजीचा सर्वांत मोठा कोश रचला.

या कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’ या शब्दाचे सुमारे ४३० अर्थ दिलेले आहेत. पुढच्या आवृत्तीच्या कामात ‘रन’ या क्रियापदाने त्यालाही मागे टाकले; त्याचे ६४५ अर्थ संपादकांनी वेगळे केले. माणूस धावतो, नदी धावते, नाक धावते, यंत्र धावते, दुकान धावते, निवडणुकीत उमेदवार धावतो, क्रिकेटमध्ये धाव निघते आणि संगणकावर आज्ञावलीही धावते.

आता मराठीकडे पाहा. इंग्रजीत ही सारी मंडळी धावतात, आपल्याकडे ती चालतात. घड्याळ चालते, गिरणी चालते, दुकान चालते, खटला चालतो, नाणे चालते, नाडी चालते, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी डोके चालत नाही. “चहा चालेल का?” या प्रश्नाला “चालेल” हे उत्तर आपण देतो, तेव्हा चहाला पाय फुटत नाहीत. आणि ज्यांनी जुन्या पद्धतीने संस्कृत शिकले, त्यांना आठवेल की शाळेत गुरुजी सांगत, “राम शब्द चालव.” म्हणजे मराठीत शब्दही चालतो. एखाद्या भाषेने शब्दाच्या रूपांना चालणे म्हणावे, यापेक्षा भाषेच्या स्वभावाचे नेमके वर्णन दुसरे कोणते?

अर्थ कोठे वाढतात

तर मग इंग्रजीच्या कोशात एवढी गर्दी का? याचे कारण त्या भाषेच्या रक्तात नाही, तिच्या इतिहासात आहे. १०६६ नंतर सुमारे तीन शतके इंग्रजी ही शेतकऱ्यांची व बाजाराची भाषा होती. न्यायालयात फ्रेंच आणि दप्तरात लॅटिन चाले. १३६२ मध्ये कायदा झाला की न्यायालयातील युक्तिवाद इंग्रजीत व्हावा, कारण लोकांना फ्रेंच कळत नाही. गंमत अशी की तो कायदा फ्रेंचमध्येच लिहिलेला होता आणि निवाड्यांची नोंद लॅटिनमध्येच ठेवायची होती. न्यायालयांची दप्तरे पूर्णपणे इंग्रजीत व्हावीत, असा कायदा व्हायला १७३१ साल उजाडावे लागले. म्हणजे इंग्रजीलाही आपल्याच देशातील कचेरीचा दरवाजा पूर्ण उघडून घ्यायला साडेसहा शतके लागली.

पण जसजसे दरवाजे उघडत गेले, तसतसे तिचे घरगुती शब्दही कामाला लागले. ‘डीड’ म्हणजे साधी कृती. कायद्यात त्याचा अर्थ दस्तऐवज झाला. ‘विल’ म्हणजे इच्छा. ते मृत्युपत्र झाले. ‘हिअरिंग’ म्हणजे ऐकणे. ती सुनावणी झाली. ‘कोर्ट’ हा फ्रेंच वाटेने आलेला शब्द मुळात भिंतीने वेढलेल्या अंगणाचा. त्याच अंगणात राजाचा परिवार जमे म्हणून दरबार, राजा तेथेच न्याय देई म्हणून न्यायालय, आणि वेढलेले अंगण म्हणून टेनिसचे कोर्ट. १४७६ मध्ये कॅक्स्टनने इंग्लंडात छापखाना काढला आणि ‘प्रेस’ म्हणजे दाबणे या शब्दाला छापखाना व नंतर वृत्तपत्रसृष्टी हे अर्थ मिळाले. जहाज, छापखाना, प्रयोगशाळा, कारखाना, साम्राज्य, संगणक : जेथे जेथे भाषा कामावर गेली, तेथून तिचे शब्द नवा अर्थ कमावून घरी आले.

मराठीतही नेमके हेच घडले आहे. ‘दप्तर’ हा शब्द पाहा. ग्रीक भाषेत कमावलेल्या कातड्याला जे नाव होते, ते फारसीत लेखनाच्या चोपडीला मिळाले. मराठी राज्यात तो शब्द कारभाराच्या कागदांना, कागदांच्या बांधलेल्या गठ्ठ्यांना आणि कचेरीला लागू झाला. पुण्याचे पेशवे दप्तर इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. आज तेच ‘दप्तर’ पाठीवर घेऊन आपले मूल शाळेत जाते. ‘खाते’ही तसेच. हिशेबाच्या चोपडीतील देण्याघेण्याचे पान म्हणजे खाते. राज्यकारभारात ते विभागाचे नाव झाले : शिक्षण खाते, महसूल खाते. बँक आली, तिचे खाते उघडले. आज समाजमाध्यमावरही आपण खातेच उघडतो. चोपडीपासून मोबाईलपर्यंत हा शब्द आला, कारण ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, पुणे येथल्या कचेऱ्यांत मराठीचा राबता होता. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी तर कारभाराच्या परिभाषेसाठी ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा बहुभाषिक कोश सिद्ध करवला, तो १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्रजी शब्दासमोर आपल्या भाषांतील शब्द उभा करता येतो, हा विश्वास त्यामागे होता.

उलट, भाषा ज्या दारातून बाहेर काढली जाते, तेथे तिच्या शब्दांची वाढ थांबते. घरात ‘भरणे’ राहते, पण अर्ज भरण्याचा कागद दुसऱ्या भाषेत आला की ‘अर्ज भरणे’ हळूहळू मागे पडते. मूल ‘पान वाढ’ म्हणते, पण पुस्तकाच्या पानाला ‘पेज’ म्हणू लागते. शब्द मरत नाही, त्याची एकेक फांदी वाळत जाते. सीमेवर राहणाऱ्या आपल्या पिढीने ही वाळवण डोळ्यांनी पाहिली आहे.

आणि तरीही मराठी हार मानत नाही, हेही तितकेच खरे. इंग्रजी शब्द घरात आला, तर ती त्याला आपल्या रीतीने वाढवते. ‘लाईट’ला तिने स्त्रीलिंग दिले आणि विजेचा अर्थ दिला, म्हणून आपल्याकडे ‘लाईट गेली’. ‘नंबर’ रांगेत लावला जातो, वर्गात येतो आणि डोळ्यांनाही लागतो. हे अर्थ इंग्रजाला विचारले, तर त्याला कळणार नाहीत.

त्या विद्यार्थ्याला शेवटी एवढेच सांगितले : ‘चार्ज’चे आठ अर्थ पाठ करू नकोस. मालाने भरलेली एक गाडी डोळ्यांसमोर आण, आणि आपल्या ‘भरणे’चे बोट धरून चाल. ज्याला एक भाषा मुळापासून येते, त्याला दुसऱ्या भाषेतला शब्द फांदीवरून मुळापर्यंत नेता येतो. तुझ्या गावच्या मराठी शाळेने तुझ्या हातात हीच किल्ली दिली आहे. त्याने कोश मिटला, दप्तर उचलले आणि दारात थांबून विचारले, “सर, ‘शाळा भरते’ याला इंग्रजीत काय म्हणायचे?” मी पुष्कळ विचार केला. शाळा सुरू होते, उघडते, बोलावली जाते, असे सारे सांगता येते. मुलांनी ती भरते, हे सांगायला मात्र त्या एवढ्या थोर भाषेत मला एकही सरळ शब्द सापडला नाही.

सीमेपलीकडच्या आणि अलीकडच्या सर्व मराठी बांधवांना म्हणूनच विनंती आहे : आपल्या गावची मराठी शाळा भरती राहू द्या.